माणसावर बंदी नाही

(हेग शहर. ट्रामच्या थांब्यासमोरचं तळमजल्यावरचं घर. आज सत्तरीत पाऊल टाकलेली आलेइदा आणि महापालिकेचे निरीक्षक भगवानदीन. नोव्हेंबरातली सकाळ, साडेदहा वाजून गेलेत, तरी पुढच्या खोलीचा पडदा ओढलेला.)

आलेइदा: मग घाला तो तुमचा नियम चुलीत! तीन आठवडे तुमची वाट बघत बसले ती काय हे ऐकायला?

भगवानदीन: बाई, आधी ऐकून तर घ्या. नियम सोपा आहे. शहराच्या रस्त्यावर, थांब्यावर, खांबावर पेट्रोलची जाहिरात नको, गॅसची नको, विमानाच्या तिकिटांची नको, जहाजांवरच्या सहलींची नको, पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींची नको. आता समोरच्या थांब्यावर यातलं काय आहे, तुम्हीच सांगा.

आलेइदा: माझा नवरा आहे.

भगवानदीन: तेच म्हणतोय. नवरा यादीत नाही.

आलेइदा: काचेच्या पेटीत, पाठीमागे दिवा लावून! माणसाहून उंच! चौदा महिन्यांपूर्वी ज्याला पुरून आले, तो रोज सकाळी माझ्या खिडकीकडे बघून दात काढतो. हा पडदा त्याच्यासाठी ओढलाय. चव्वेचाळीस वर्षं या गल्लीत राहतेय, दिवसाढवळ्या पडदा म्हणून ओढला नाही कधी. इथं कुणीच ओढत नाही. परवा शेजारीण विचारायला आली, काय गं, आत काय लपवतेयस?

भगवानदीन: मी येताना नीट बघून आलोय. फोटो काढले, मापं घेतली. एक हसरा गृहस्थ, निळा स्वेटर. खाली ओळ, 'रूलोफ. चौतीस वर्षं, तुमच्या उबेसाठी.' कोपऱ्यात कंपनीची खूण. बाकी काही नाही. शेगडी नाही, ज्योत नाही, भाव नाही.

आलेइदा: ऊब म्हणे! शी!

भगवानदीन: कंपनीला पत्र टाकलं होतं मी. उत्तर आलं, आम्ही यात काहीच विकत नाही, आमच्या जुन्या कामगारांचे आभार मानतोय.

आलेइदा: आभार? त्याची फुप्फुसं गेली तेव्हा याच लोकांनी दीड पानी पत्र लिहिलं होतं. रिफायनरीतल्या पाइपांवरच्या त्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या कापसानं गेली असं सिद्ध होत नाही, म्हणे. त्यात त्याचं नावसुद्धा चुकलं होतं. आता बरं सगळ्या शहरभर बिनचूक छापता आलं!

भगवानदीन: ते वाईटच झालं, बाई. पण ते माझ्या खात्यात येत नाही.

आलेइदा: आणि तो चेहरा खोटा आहे, ते येतं का खात्यात?

भगवानदीन: खोटा म्हणजे?

आलेइदा: त्याच्या नाकात नळी होती. प्राणवायूची. नाकातून गालावर, गालावरून कानामागे, तिथून खाली टाकीला. सोळा महिने, दिवसरात्र. तो फोटो याच खोलीतला आहे, त्याच्या शेवटच्या वाढदिवसाचा. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसला होता तो.

भगवानदीन: या खुर्चीत?

आलेइदा: बसा हो, उठताय काय. खुर्चीचा काय दोष? सांगायचं काय, तर त्यांनी नळी गायब केली. गालावर वळ होते, तेही गायब. कसा तुकतुकीत करून ठेवलाय बघा, जसा काही काल सुट्टीवरून आला. मेलेल्या माणसाला असं घासूनपुसून कुणी बाजारात मांडतं का?

भगवानदीन: फोटो घरातला, म्हणता. मग त्यांच्याकडे गेला कसा?

आलेइदा: देव जाणे. दफनाच्या पत्रिकेवर छापला होता, तिथून उचलला असेल कुणी.

भगवानदीन: पत्रिकेवर नळीसकट?

आलेइदा: नळीसकट.

भगवानदीन: मुलंबाळं?

आलेइदा: एकच. वाउटर. तोही जाहिरातींच्याच ऑफिसात आहे, पण तो बिस्किटांचं करतो, सायकलींचं करतो. पोस्टर लागलं त्या दिवशी रडत फोन केला त्याला. तर म्हणाला, 'आई, छान दिसतायत की बाबा.' मी फोन ठेवून दिला. तुम्हाला बोलावलंय ते त्याला सांगितलेलं नाही मी. समजूत घालत बसला असता माझी.

भगवानदीन: हं. बाई, वाट एकच आहे. हे चित्र काहीतरी विकण्यासाठी लावलंय याचा पुरावा हवा. एखादा कागद, नाहीतर कुणाचा लेखी जबाब. तो नसेल तर मला 'उल्लंघन नाही' असं लिहून फाइल मिटावी लागेल. मला काय वाटतं ते लिहायला फॉर्मवर जागा नसते.

आलेइदा: आणि किती दिवस राहणार तो तिथं?

भगवानदीन: मार्चअखेरपर्यंत. फक्त इथं नाही, एकशे ऐंशी थांब्यांवर.

आलेइदा: एकशे ऐंशी! … बेल वाजली बघा. पाहुणे यायला लागले वाटतं.

भगवानदीन: पाहुणे?

आलेइदा: वाढदिवस आहे माझा. सत्तरावा.

भगवानदीन: अहो, मग आधी नाही का सांगायचं! अभिनंदन. मी निघतो तर.

आलेइदा: कुठं निघताय? सफरचंदाचा केक कापलाय. तीन आठवड्यांनी मिळालेली वेळ मी वाढदिवसापायी सोडणार नाही. तुमचा तो ओला सरकारी कोट आत टांगलाय, वाळेपर्यंत बसा. आले रे, आले!

वाउटर: आई! सत्तर! अभिनंदन! गाल इकडे कर, एक, दोन, तीन. काय गारठा आहे बाहेर! आणि भर सकाळी पडदा का ओढलायस? अरे, नमस्कार, अभिनंदन, आमच्या आईबद्दल.

भगवानदीन: तुमचंही अभिनंदन, आईबद्दल. भगवानदीन.

वाउटर: वाउटर. बसा, काका, उठू नका.

आलेइदा: वाउटर, हे जे आहेत ना…

वाउटर: आई, ओळखी मग. आधी कॉफी दे, सायकलवर बोटं आखडली माझी.

आलेइदा: आणते. बोलत बसा तुम्ही.

वाउटर: काका, तुम्ही बाबांच्या पाळीतले ना?

भगवानदीन: नाही, मी रिफायनरीत नव्हतो कधी.

वाउटर: म्हणजे ठेकेदाराकडचे! बाबा म्हणायचे, खरी हाडं ठेकेदाराच्या माणसांनीच झिजवली.

भगवानदीन: तसंही नाही. मी त्या समोरच्या पोस्टरसाठी आलोय.

वाउटर: बघितलंत ना? मला वाटलंच! बाबांची सगळी जुनी माणसं मुद्दाम बघायला येतायत. कसं वाटलं? अगदी खरं सांगा.

भगवानदीन: मोठं आहे.

वाउटर: मोठं? अहो, शहर हलवलंय त्यानं! आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो, आईला अजून बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. ते माझं आहे.

भगवानदीन: तुमचं? वाउटर, पुढं बोलायच्या आधी मी कोण आहे ते जरा…

वाउटर: ऐका तर! ही बंदी आली ना, तेव्हा कंपनीची माणसं आमच्या ऑफिसात सुतकी चेहऱ्यानं बसली होती. ज्योत दाखवायची नाही, शेगडी नाही, पंप नाही. मग दाखवायचं काय, कप्पाळ? मी म्हटलं, नकाच दाखवू. माणूस दाखवा! माणसावर कुठं बंदी आहे? मग आमच्या साहेबानं टेबलावर अशी थाप मारली, की पाण्याचे पेले उडाले.

भगवानदीन: आणि माणूस हा मिळाला.

वाउटर: ते म्हणाले, एखादा नट आणू. मी म्हटलं, नट कशाला, माझ्या फोनमध्ये खराखुरा आहे. चौतीस वर्षं नोकरी, कसली तक्रार नाही, आणि हसणं बघा! फक्त नाकात ती नळी होती. ती काढायला आमच्या ऑफिसातल्या मुलीला दोन दिवस लागले. डाव्या गालावरचे वळ काही केल्या जाईनात. शेवटी उजवा गाल उलटा करून डावीकडे चिकटवला. कुणाच्या बापाला कळत नाही!

भगवानदीन: एवढा खटाटोप करायचा, आणि विकायचं काहीच नाही?

वाउटर: आत्ता नाही! तीच तर गंमत आहे. आत्ता नुसता चेहरा. लोक रोज ट्रामची वाट बघतात, बघून बघून माणूस ओळखीचा होतो. जानेवारीत घरोघर टपालानं पत्र जाणार. तीन वर्षांचा गॅसचा करार, आणि वर हाच चेहरा. 'रूलोफला तुम्ही ओळखताच.' टपालाच्या पेटीला शहराचा नियम लागत नाही. आधी ओळख करून द्यायची, मग हात पुढं करायचा! कशी आहे आयडिया?

आलेइदा: कॉफी घे.

वाउटर: आई! कधी आलीस?

आलेइदा: गेलेच नव्हते फार लांब. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. दूध घालू की काळी चालेल?

वाउटर: आई, मी तुला सांगणारच होतो.

आलेइदा: यांना ओळखतोस?

वाउटर: हे म्हणजे… बाबांच्या ओळखीचे.

आलेइदा: महापालिकेचे निरीक्षक आहेत. ज्या बंदीला तू पाणी पाजलंस म्हणतोस ना, तिच्यावर नजर ठेवायचं काम यांचं. मी बोलावलंय.

वाउटर: काय? अहो, तुम्ही माझं अभिनंदन केलंत!

भगवानदीन: वाढदिवसाच्या घरात दुसरं काय म्हणणार मी? दोनदा सांगायला गेलो, तुम्ही थांबला नाहीत. विकायचं काहीच नाही का, हे मात्र मी विचारायला नको होतं. ते माझं चुकलं.

आलेइदा: काही चुकलं नाही. आपल्याकडे कुणाला विचारायची सवय आहे, की बाबा, तू कोण? वाढदिवसाला खोलीत शिरायचं, दिसेल तो हात हलवायचा, आईबद्दल अभिनंदन, मावशीबद्दल अभिनंदन, आणि लागले गप्पा मारायला. आज पहिल्यांदा त्या सवयीचा कुणाला उपयोग झाला.

वाउटर: आई, शांतपणे ऐक. तू समजतेस तसं नाही ते.

आलेइदा: उजवा गाल उलटा करून डावीकडे चिकटवला. यात समजायचं काय राहिलं?

वाउटर: ती कामाची भाषा झाली. ऑफिसात आम्ही तसंच बोलतो.

आलेइदा: त्याच्या डाव्या गालावर तीळ होता. तू लहान असताना तो दाबायचास आणि म्हणायचास, बेल वाजली. तो तीळही गेला त्यात. तुझ्या लक्षात तरी आलं का?

वाउटर: नाही.

आलेइदा: नाही. कुणाच्या बापाला कळत नाही म्हणालास. तुझ्याच बापाचा गाल होता रे तो!

वाउटर: आई, बाबांना कंपनीबद्दल कधी वाकडं बोलताना ऐकलंयस? चौतीस वर्षं त्यांनी तिथं मानानं काढली. हे घर त्यातून झालं, माझं शिक्षण त्यातून झालं. शहरानं त्यांच्याकडे एकदा मान वर करून बघावं असं मला वाटलं, तर काय चुकलं? एरवी कोण ओळखतं रिफायनरीतल्या माणसाला?

आलेइदा: हे खरं वाटतं तुला?

वाउटर: खरंच वाटतं. पहिल्या दिवशी मी थांब्यावर उभा राहून रडलो होतो.

आलेइदा: रडला असशील. आणि मग ऑफिसात जाऊन त्या पत्रावरची ओळ लिहिलीस.

वाउटर: आणि नळीचं म्हणशील, तर बाबांना ती आवडायची नाही. चारचौघांत लाजायचे ते.

आलेइदा: कोण लाजायचं? त्या दिवशी तू फोन समोर धरलास, आणि मी त्याची नळी जरा खाली करायला गेले. मला वाटलं, फोटोपुरती, चांगला दिसेल. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, 'राहू दे आलेइदा, हीपण चौतीस वर्षांचीच कमाई आहे.' तू समोर उभा होतास वाउटर. ऐकलं होतंस.

वाउटर: त्या दिवशी घरात गडबड होती, आई.

आलेइदा: ऐकलं होतंस की नाही?

वाउटर: ऐकलं होतं.

आलेइदा: शी! मला वाटलं होतं, कंपनीतल्या कुणा नालायकाचं काम असेल. रोज सकाळी उठून त्याला शिव्या घालत होते. कोण असेल, कुणाच्या पोटचा असेल, त्याच्या आईनं काय शिकवलं असेल त्याला! महिनाभर मी स्वतःलाच शिव्या घालत होते म्हणायचं.

भगवानदीन: बाई, मी जरा बाहेर थांबू का?

आलेइदा: तुम्ही बसा. केक संपवा. आणि मला सांगा, आता जे ऐकलंत त्यानं ते पोस्टर उतरेल का?

भगवानदीन: मी ऐकलेलं धरता येणार नाही. पाहुणा म्हणून बसलो होतो, कोट आत टांगलेला, मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी ते अहवालात घातलं तर कंपनीचे वकील दुसऱ्या दिवशी मलाच उभा करतील. पण घरमालकिणीनं लेखी दिलं, की जाहिरात करणाऱ्या माणसानं माझ्या घरात असं असं सांगितलं, तर मग मला कंपनीकडून ते जानेवारीचं पत्र मागता येतं. पत्रावर हाच चेहरा निघाला, की ही गॅसची जाहिरात ठरते. मग एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी उतरतात.

वाउटर: आई, नाही. प्लीज. माझं नाव येईल त्यात.

भगवानदीन: नाव यावंच लागतं. कुणी सांगितलं, हा पहिलाच रकाना आहे.

वाउटर: कळतंय का तुला? मला ते त्याच दिवशी काढतील. या शहरात परत कुणी दारात उभं करणार नाही. गिऱ्हाइकाचं गुपित आईच्या घरी जाऊन फोडणारा! हवं तर मी आतून बघतो ना. त्यांना सांगतो चेहरा बदला. वेळ दे मला.

आलेइदा: सांग की. आत्ता फोन लाव. माझ्यासमोर.

वाउटर: आत्ता कसा लावू? असं नसतं ते. सगळं छापून तयार आहे. अडीच लाख पत्रं आहेत, आई.

आलेइदा: अडीच लाख. म्हणजे तू बघणार नाहीस.

वाउटर: बघतो म्हणतोय ना! अगं, एक चेहरा आहे तो, कागदावरचा. बाबा गेले. त्यांना आता काही होत नाही. मी जिवंत आहे. तुला माझ्यापेक्षा ते पोस्टर मोठं झालं?

आलेइदा: तू मोठा आहेस रे माझ्यासाठी. तुझ्याशिवाय मला आहे कोण? पण मी आज गप्प बसले, तर जानेवारीत हाच चेहरा माझ्या दारातल्या पेटीत पडेल. मी तो उचलायचा, आणि दर रविवारी तू आलास की तुला कॉफी करून द्यायची. मला नाही जमणार. द्या तो कागद, भगवानदीन.

भगवानदीन: बाई, उद्या दिलात तरी चालेल. रात्रभर विचार करा.

आलेइदा: विचार करून करून काय मिळालं मला? पेन द्या.

वाउटर: आई.

आलेइदा: 'जाहिरात करणाऱ्याचं नाव.' वाउटर. आडनाव तेच, माझं आहे तेच. 'अर्जदाराशी नातं…' हेपण लिहायचं?

भगवानदीन: लिहावं लागतं.

आलेइदा: मुलगा. घ्या. सही कुठं?

भगवानदीन: इथं. आणि तारीख.

आलेइदा: तारीख कशी चुकेल, माझ्याच वाढदिवसाची आहे.

वाउटर: तुला किळस येते ना माझी?

आलेइदा: येते. परक्या कुणी केलं असतं तर नुसता राग आला असता.

वाउटर: मी जाऊ का?

आलेइदा: मी तुला जा म्हणणार नाही आणि बसही म्हणणार नाही. कॉफी गार झालीय, दुसरी हवी तर आत आहे.

भगवानदीन: बाई, मी निघतो. पत्र मागवायला आठवडा, उत्तराला दोन. साधारण ख्रिसमसच्या आधी पोस्टर उतरेल. तोपर्यंत मात्र तुम्हाला ते सोसावं लागेल.

आलेइदा: उतरवलं की काय करता त्याचं?

भगवानदीन: रद्दी. गुंडाळी करून गाडीत टाकतात.

आलेइदा: हे समोरचं टाकू नका. मला आणून द्या.

वाउटर: कशाला, आई? खोटं म्हणतेस ना तू त्याला?

आलेइदा: नळी परत काढायची आहे त्यावर, पेननं. कुठून कशी जाते ते मला पाठ आहे. सोळा महिने रोज सकाळी मीच लावत होते.